जुनी मोटार घेताना : गाडीचाही सातबारा वाचावा

(ग्राहक जागृतीनिमित्त सातारा व सांगली जिल्ह्यांतील श्रोत्यांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)

खटाव तालुक्यातील पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा किंवा आटपाडी तालुक्यातील खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा ज्याने पाहिली असेल, त्याला खिलार बैलांच्या बाजारातील खरेदीचा रिवाज ठाऊकच असेल. शेतकरी दावणीशी येतो, पण लगेच किमतीची भाषा काढीत नाही. तो प्रथम जनावराचा जबडा उघडून दात पाहतो. बैल दोन दाती आहे, चार दाती आहे की जुळलेला आहे, याची खात्री करून घेतो. मग त्याला चालवून पाहतो, खुरांवरून हात फिरवितो, खांदा चाचपतो. शिंगे तासून व रंगवून वयस्क जनावर तरुण दाखविण्याची युक्ती त्याला माहीत असते. म्हणून तो शिंगांच्या रंगावर भुलत नाही. सर्व पाहून झाले म्हणजे मगच रुमालाखाली बोटे मिळतात आणि सौदा ठरतो.

हाच शेतकरी जेव्हा जमीन घेतो, तेव्हा तर तो अधिकच सावध असतो. तलाठ्याकडून सातबाराचा उतारा काढतो, खातेदाराचे नाव वाचतो, इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे काय ते पाहतो, फेरफार तपासतो आणि चार जाणत्या माणसांचा सल्ला घेतल्यावाचून विसाराची रक्कम हातची सोडीत नाही. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाने अंगी आलेले हे शहाणपण आहे.

परंतु याच घरातील मुलगा जेव्हा पाच-सहा लाख रुपयांची जुनी मोटारगाडी घेण्यास निघतो, तेव्हा हे सारे शहाणपण जणू घरीच राहते. गाडीचा रंग चकचकीत आहे, आतील गाणी ऐकण्याचे यंत्र उत्तम आहे, विकणारा ओळखीतल्या कुणाचा तरी ओळखीचा आहे आणि ‘आजच न्याल तर वीस हजार कमी’ असे त्याने सांगितले आहे, एवढ्यावर व्यवहार उरकला जातो. जमिनीच्या बाबतीत जे कुणी कधीही करणार नाही, ते गाडीच्या बाबतीत सर्रास होते. फसवणुकीला वाव मिळतो तो येथेच.

जुन्या गाडीची गरज

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे शेतीबरोबरच साखर, दूध, द्राक्षे व हळद यांच्या व्यापाराने गजबजलेले आहेत. डोंगरी भागातील वाडीवस्तीवरून तालुक्याच्या गावी यावयाचे, आजाऱ्याला मिरजेच्या दवाखान्यात न्यावयाचे, भाजीपाला बाजार समितीत पोचवावयाचा, तर स्वतःचे वाहन ही आता चैन राहिलेली नाही. नवी गाडी सर्वांनाच परवडत नाही. म्हणून जुनी गाडी घेणे हा अनेक कुटुंबांच्या दृष्टीने योग्य व काटकसरीचा मार्ग ठरतो. पाटण किंवा जत तालुक्यातील एखादा तरुण वडापासाठी जुनी जीप घेतो, तेव्हा त्यामागे पुष्कळदा दोन म्हशींची किंमत, सोनेतारणाचे कर्ज आणि नातलगांकडून घेतलेले हातउसने पैसे असे सगळ्या घराचे बळ एकवटलेले असते. अशी गाडी सहा महिन्यांत पोलिसांनी चोरीची म्हणून ताब्यात घेतली, अथवा थकलेल्या हप्त्यांपायी कर्ज देणाऱ्या कंपनीने ओढून नेली, तर बुडते ती केवळ एक गाडी नव्हे, तर त्या घराची उभारी होय.

बाजार बिघडतो कसा?

जुन्या मोटारींच्या बाजाराचा विचार जगातील नामवंत अर्थशास्त्रज्ञांनीही केला आहे. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली याच विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. या निबंधाने ज्या विचाराचा पाया घातला, त्यासाठी त्याला २००१ साली अन्य दोघांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : गाडीतील दोष विकणाऱ्याला ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. चांगली कोणती व वाईट कोणती हे कळत नसल्याने ग्राहक सर्वच गाड्यांना मधलीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी देणे तिच्या मालकाला परवडत नाही. तो आपली गाडी बाजारातून काढून घेतो. उरतात त्या बहुतांशी सदोष गाड्या. म्हणजे अप्रामाणिकपणाचा फटका फसलेल्या ग्राहकाप्रमाणेच प्रामाणिक विक्रेत्यालाही बसतो.

अमेरिकेत अशा सदोष मोटारीला ‘लिंबू’ म्हणण्याची पद्धत आहे. आपल्याकडे गाडी दारी आली म्हणजे दृष्ट लागू नये म्हणून चाकाखाली लिंबू ठेवतात. परंतु गाडीच लिंबू निघाली, तर चाकाखालच्या लिंबाचा काय उपयोग? यावर उपाय एकच. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे, ते घेणाऱ्यानेही आधी जाणून घेतले पाहिजे. आणि त्याची साधने आज कोणाही नागरिकाच्या हाताशी आहेत.

पहिला रकाना : मालक कोण?

सातबारावर जसे खातेदाराचे नाव, तसे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आपण ज्याला ‘आर.सी.’ म्हणतो त्यावर, मालकाचे नाव असते. सौदा करण्यास बसलेली व्यक्ती आणि हे नाव एकच आहे काय, हा पहिला प्रश्न. ‘गाडी मेव्हण्याच्या नावावर आहे’, ‘मालक परगावी असतो, सह्या घेऊन ठेवल्या आहेत’ ही उत्तरे ऐकली की सावध झाले पाहिजे. मालकाला प्रत्यक्ष भेटल्याशिवाय व त्याचे ओळखपत्र पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

कागदावरील नोंद खरी आहे की नाही, हे पाहण्यासाठी आता परिवहन कार्यालयात खेटे घालण्याची आवश्यकता राहिलेली नाही. केंद्र शासनाच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावर अथवा ‘एम-परिवहन’ या मोबाइल अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक घातला की नोंदणीची तारीख, गाडीचा प्रकार, इंधन, विम्याची व नोंदणीची मुदत आणि कर्जाची नोंद यांची माहिती मिळते. मालकाचे नाव गोपनीयतेसाठी काही अक्षरे झाकून दाखविलेले असते. तरीही हातातील कागदाशी ते जुळते की नाही, हे समजण्यास तेवढे पुरेसे होते. एम.एच. १० म्हणजे सांगली, एम.एच. ११ म्हणजे सातारा आणि एम.एच. ५० म्हणजे कराड, हे तर येथील शाळकरी मुलांनाही पाठ असते. शंका राहिली, तर त्या त्या कार्यालयात जाऊन समक्ष विचारणा करावी.

मूळ मालक मृत झालेला असेल, तर वारसांनी प्रथम नमुना ३१ मध्ये अर्ज करून गाडी आपल्या नावावर करून घेतली पाहिजे. वारसांपैकी एकाने परस्पर गाडी विकली आणि दुसऱ्याने हरकत घेतली, तर त्या भाऊबंदकीचा भुर्दंड ग्राहकाला सोसावा लागतो.

दुसरा रकाना : बोजा आहे काय?

सातबाराच्या इतर हक्कांत जसा कर्जाचा बोजा चढलेला असतो, तसाच तो गाडीच्या नोंदणीतही असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ अन्वये कर्ज देणाऱ्या बँकेचे किंवा वित्त कंपनीचे नाव नोंदणीवर येते. कर्ज फिटले की ते नाव आपोआप जात नाही. बँकेचे ना-हरकत पत्र आणि बँकेच्या सहीचा नमुना ३५ सादर केल्यानंतरच तो बोजा उतरतो. ‘सगळे हप्ते भरले आहेत, कागद तेवढा आणावयाचा राहिला आहे’ असे कुणी सांगितले, तर कागद आणल्यावरच सौदा करू, असे नम्रपणे पण ठामपणे सांगावे. ‘उरलेले हप्ते तुम्ही भरा व गाडी वापरा’ या तोंडी करारावर गाडी घेणे तर सर्वांत धोक्याचे. हप्ते भरणारा एक, कर्जदार दुसरा व गाडीचा मालकही तो दुसराच, अशी स्थिती होते. मूळ कर्जदाराने पुढे हात वर केले, तर भरलेल्या हप्त्यांचा पुरावा देता देता नाकी नऊ येतात.

याच वेळी गाडीवरील वाहतूक दंडाची, म्हणजे ई-चलनाची, थकबाकी आणि कराची बाकी आहे काय, हेही पाहून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसविणे आवश्यक करण्यात आले आहे. ती बसविली आहे की नाही, हेही विचारावे.

तिसरा रकाना : फेरफार, म्हणजेच ‘टी.टी.’

जमिनीच्या फेरफारासारखीच गाडीच्या मालकीहक्काच्या हस्तांतराची नोंद होय. बोलीभाषेत तिला ‘टी.टी.’ म्हणतात. नमुना २९ ही विक्रीची सूचना आणि नमुना ३० हा हस्तांतराचा अर्ज. आपल्याकडे या नमुन्यांवर कोऱ्या सह्या घेऊन ठेवण्याची एक घातक प्रथा पडली आहे. गाडी कोऱ्या सहीच्या कागदांसह एका दलालाकडून दुसऱ्याकडे आणि तिसऱ्याकडून चौथ्याकडे फिरत राहते. नोंदणीवर मात्र पहिल्याच मालकाचे नाव कायम असते.

१ जुलै १९८९ पासून अंमलात असलेल्या मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार, राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळविले पाहिजे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत हस्तांतरासाठी कळविले पाहिजे. हे बंधन दोघांवरही आहे. ते न पाळल्यास काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या एका निकालावरून ध्यानी येईल. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अशी अनेक हातांतून गेली होती. अपघात झाला तेव्हा मूळ मालकाकडे गाडी नव्हती. परंतु नोंदणी त्याच्या नावावर होती. कायद्याच्या दृष्टीने ज्याच्या नावे नोंदणी तोच मालक, असे सांगून न्यायालयाने नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच्यावर टाकली.

मुद्रांकावर विक्रीचा करार केला व नोटरीपुढे सह्या झाल्या, की आपण मोकळे झालो, असा अनेकांचा समज असतो. तो करार पुरावा म्हणून अवश्य करावा. परंतु नोंदणीतील नाव बदलण्याचे काम तो करू शकत नाही. म्हणून गाडी विकणाऱ्या बंधूंनीही हे लक्षात ठेवावे की, टी.टी. झाल्याशिवाय गाडी गेली असे समजू नये. ती चोरीत, दारूच्या वाहतुकीत किंवा अपघातात सापडली, तर पोलिसांची पावले प्रथम नोंदणीवरील मालकाच्याच दारी येतात. हस्तांतराच्या अर्जासाठी मोबाइलवर संकेतांक येतो; तेव्हा नोंदणीत मालकाचा चालू मोबाइल क्रमांक आहे काय, हे पैसे देण्यापूर्वीच पाहावे.

सीमेपलीकडची गाडी

जत, कवठे महांकाळ आणि मिरज हे सांगली जिल्ह्यातील तालुके कर्नाटकाच्या सीमेला लागून आहेत. सोयरीक, बाजारहाट आणि गुराढोरांची खरेदी-विक्री येथे पूर्वापार चालत आली आहे. त्यात आता गाड्यांची भर पडली आहे. परराज्यातील गाडी स्वस्त वाटते, पण किमतीच्या हिशेबात तिचे पुढील खर्च धरलेले नसतात. अशा गाडीसाठी मूळ नोंदणी कार्यालयाचे नमुना २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते. महाराष्ट्रात गाडीच्या वयानुसार कर भरावा लागतो. परराज्याचे नोंदणीचिन्ह असलेली गाडी १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवावयाची असेल, तर येथील नवे नोंदणीचिन्ह घेणे कायद्याने आवश्यक आहे.

दूरच्या गाड्यांचीही तीच कथा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली निर्बंध घातले आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. त्यानंतर तेथील अनेक जुन्या गाड्या इतर राज्यांतील बाजारांत कमी किमतीस आल्या. खासगी गाडीची मूळ नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासणीस नेऊन ती वाढवून घ्यावी लागते. बारा-तेरा वर्षांची गाडी परराज्यातून आणणाऱ्याने कर, पुनर्नोंदणी आणि थोड्याच वर्षांनी येणारे नूतनीकरण यांचा खर्च आधी कागदावर मांडावा. मग स्वस्त व महाग यांचा खरा अर्थ उमगेल.

पुराच्या पाण्यातील गाडी

या जिल्ह्यांना विशेष ठाऊक असलेला एक विषय येथे सांगितला पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला आलेल्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. पुढे जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. घरे आणि दुकाने यांच्याबरोबर असंख्य वाहनेही दिवसचे दिवस पाण्यात उभी राहिली. पुरात बुडालेली गाडी विकणे हा गुन्हा नाही. ती बुडालेली होती हे लपवून चांगल्या गाडीच्या भावाने विकणे, ही मात्र फसवणूक आहे. देशात कोठेही पूर आला, की पुढे अशा गाड्या दूरच्या गावी, जेथे त्या पुराची आठवण नाही तेथे, विक्रीस जातात. तेव्हा सांगलीत उभी असलेली गाडी सांगलीच्याच पुरातील असेल असे नाही. ती चेन्नईच्या किंवा मुंबईच्या पाण्यातूनही आलेली असू शकते.

अशी गाडी ओळखण्याच्या काही खुणा आहेत. आसनपट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा; आतल्या टोकाला चिखलाचा डाग असेल, तर तो सहसा कुणी धुतलेला नसतो. पायाखालचा गालिचा उचलून पत्र्यावरील गंज पाहावा. आसनाखालच्या पट्ट्या, स्टेपनीची खोबण आणि विजेच्या तारांचे जोड तपासावेत. दिव्यांच्या काचेच्या आत पाण्याची वाफ धरलेली आहे काय, ते पाहावे. सर्व काचा बंद करून दहा मिनिटे गाडीत बसावे. अत्तराचा भपका फार असेल, तर तो कोणता वास झाकण्यासाठी मारला आहे, हा प्रश्न स्वतःला विचारावा.

दात मोजण्याची रीत

बैलाचे वय जसे दातांवरून, तसे गाडीचे वय व तिने सोसलेले कष्ट अनेक खुणांवरून कळतात. किलोमीटरचा आकडा मागे फिरविणे ही या धंद्यातील सर्वांत प्रचलित लबाडी. नव्या गाड्यांतील इलेक्ट्रॉनिक आकडाही बदलता येतो, म्हणून त्या आकड्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नये. गाडी ४० हजार किलोमीटर चालली आहे असे आकडा म्हणतो, पण ब्रेक व क्लचच्या पट्टीवरील रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, सुकाणूचक्राचे आवरण सोलले आहे आणि चालकाचे आसन खचले आहे, तर आकडा खोटे बोलतो आहे. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचे किलोमीटर नोंदलेले असतात. मालकाच्या संमतीने ती नोंद मागावी. टायरच्या कडेवरील चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दर्शवितात. ‘२३२१’ असे असेल, तर तो टायर २०२१ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला होय.

अपघाताची गाडी ओळखण्यासाठी ती दिवसाच्या उजेडात पाहावी. दारे, बॉनेट व डिकी यांमधील फटी सारख्या आहेत काय, एखाद्या भागाचा रंग वेगळा दिसतो काय, बोल्टांवर पान्याच्या खुणा आहेत काय, हे पाहावे. विम्याची जुनी पॉलिसी मागावी. दावा न केल्याबद्दलची सवलत एका वर्षानंतर २० टक्क्यांपासून सुरू होऊन पाच वर्षांनी ५० टक्क्यांपर्यंत जाते. गाडी पाच-सहा वर्षांची असूनही ही सवलत शून्य असेल, तर विम्याचा दावा कधी व कशासाठी झाला, हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे.

चासिस आणि इंजिन यांचे क्रमांक मात्र स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेच पाहिजेत. चासिसचा क्रमांक सामान्यतः १७ अक्षरे व अंकांचा असतो. कागदावर पेन्सिलने त्याची छाप घ्यावी व नोंदणीशी एकेक अंक ताडून पाहावा. अंक वेडेवाकडे असतील, त्या जागी पत्रा घासलेला किंवा जोडलेला दिसत असेल, तर सौदा तेथेच थांबवावा. २०२१ साली नवी मुंबई पोलिसांनी भंगारात काढलेल्या बी.एस.-४ मोटारींचे चासिस क्रमांक बदलून त्या विकणारी टोळी पकडली आणि शंभराहून अधिक मोटारी जप्त केल्या. ज्यांनी त्या गाड्या पैसे मोजून घेतल्या होत्या, त्यांना त्या गमवाव्या लागल्या. गाडी चोरीची असल्याचा संशय आल्यास पोलीस ठाण्यात विचारणा करावी. शेवटी, विकणाऱ्याने सुचविलेल्या नव्हे, तर आपल्या विश्वासातील मेस्त्रीला गाडी दाखवावी. त्याची हजार-दोन हजारांची मजुरी हा खर्च नसून संरक्षण आहे.

पैसे कसे द्यावेत?

विसार द्यावयाचा तर थोडा द्यावा, बँकेमार्फत द्यावा आणि त्याची पावती घ्यावी. पावतीवर गाडीचा क्रमांक, चासिस क्रमांक, ठरलेली किंमत आणि कागद सदोष निघाल्यास विसार परत मिळेल, ही अट लिहून घ्यावी. किमतीतील काही भाग टी.टी. पूर्ण होईपर्यंत राखून ठेवण्याचे ठरविल्यास दोन्ही बाजूंना काम वेळेत पुरे करण्याची आठवण राहते.

मोबाइलवरील जाहिरातींतून होणारी फसवणूक आणखी निराळी. सैन्यात बदली झाल्याने गाडी तातडीने विकावयाची आहे, असे सांगणारा निरोप येतो. गणवेशातील छायाचित्र व ओळखपत्रही पाठविले जाते. किंमत बाजारभावाच्या निम्मी असते. गाडी पाठविण्याचा खर्च म्हणून आधी पाच हजार, मग दहा हजार असे पैसे मागितले जातात. गाडी मात्र कधीच येत नाही. सैनिकांच्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या सातारा जिल्ह्यात गणवेशावरील विश्वास स्वाभाविक आहे. लबाड माणूस नेमका त्याच विश्वासाचा गैरफायदा घेतो. न पाहिलेल्या गाडीसाठी पैसे पाठवू नयेत. पैसे स्वीकारण्यासाठी पिन टाकावा लागत नाही किंवा क्यू.आर. कोड स्कॅन करावा लागत नाही, हे गाडी विकणाऱ्यांनीही ध्यानात ठेवावे. अशी फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न लावता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम अडवून ठेवण्याची शक्यता अधिक.

गाडी घेतल्यावर विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. कायद्याच्या कलम १५७ नुसार त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावयाचा असतो. तो न केल्यास गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाण्याची भीती असते.

दाद कोठे मागावी?

जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्यांसाठी केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये नियम केले व ते १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले. या नियमांनुसार व्यापाऱ्याने नोंदणी प्राधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावयाचे असते. मालकाने गाडी त्याच्या हवाली केल्याची सूचना नोंदविली, की ती गाडी व्यापाऱ्याची समजली जाते व जबाबदारीही त्याच्यावर येते. तेव्हा व्यापाऱ्याकडे गेल्यावर हे अधिकारपत्र पाहण्यास मागावे. ज्याच्याकडे ते आहे, तो दाखविण्यास कचरणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा प्रथम १९८६ साली झाला. त्याची जागा २०१९ च्या नव्या कायद्याने घेतली. व्यापाऱ्याने फसविल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ग्राहक जेथे राहतो, तेथील आयोगाकडेही ती दाखल करता येते. म्हणजे पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्याविरुद्ध साताऱ्याच्या ग्राहकाला साताऱ्यातच दाद मागता येईल. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही. मार्गदर्शनासाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे. मात्र ज्याचा गाड्यांचा धंदा नाही अशा खासगी व्यक्तीकडून गाडी घेतली असेल, तर सामान्यतः दिवाणी न्यायालय किंवा पोलीस ठाणे हाच मार्ग राहतो. फसवणुकीचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली नोंदविला जातो. कोणत्याही मार्गाने गेले, तरी पावती, करार, बँकेची नोंद व मोबाइलवरील निरोप हेच ग्राहकाचे खरे साक्षीदार होत. ते जपून ठेवावेत.

उपसंहार

बंधुभगिनींनो, कायदे झाले, नोंदी खुल्या झाल्या, तक्रारीची दारे उघडली. तरीही कोणताही कायदा ग्राहकाच्या वतीने गालिचा उचलून पाहणार नाही की चासिसचा क्रमांक ताडून पाहणार नाही. तक्रार करून न्याय मिळतो, पण तोवर गेलेला हंगाम परत येत नाही. म्हणून गाडी पाहावयास जाताना घाई घरी ठेवावी आणि जाणता माणूस बरोबर न्यावा. प्रथम मालक, मग बोजा, मग फेरफार. त्यानंतर गाडीचे अंग आणि सर्वांत शेवटी किंमत, हा क्रम सोडू नये.

जी गाडी आज पाहिली नाही तर उद्या मिळणार नाही असे विक्रेता म्हणतो, ती न मिळालेलीच बरी. पुसेगावच्या किंवा खरसुंडीच्या बाजारात दात न पाहता बैल घेणाऱ्या माणसाला घरची वडीलधारी मंडळी जे बोलतील, तेच बोल जुन्या गाडीच्या खरेदीच्या वेळी आठवावेत. या दोन जिल्ह्यांतील माणसाला पारख नव्याने शिकविण्याची आवश्यकता नाही; बैलाच्या दावणीशी व सातबाराच्या उताऱ्याशी ती जशी जागी असते, तशी गाडीच्या दाराशीही जागी ठेवावी, एवढेच सांगणे आहे.